सायाळबाईंचा उशीर

एका जंगलात एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, हा प्रश्न जंगलातल्या प्राण्यांनाही पडला होता. त्यांनी तसा अर्जही केला होता. तो अर्ज कचेरीत आहे.

कचेरी साडेदहाला उघडायची. आणि रोज दहा पंचवीसला तिच्या फाटकाशी एका सायकलची घंटी वाजायची. ती सायकल सायाळबाईंची.

सायाळ तुम्हाला माहीत असेल. अंगभर लांब, काळेपांढरे काटे असतात ती. सायाळबाई आवक-जावक टेबलावर होत्या. म्हणजे कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायच्या. त्याच टेबलावर आधी त्यांचे यजमान होते. तीन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. नोकरीतला प्राणी गेला की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी द्यायची, असा कचेरीत एक चांगला नियम होता. त्यामुळे बाईंना टेबल मिळाले. सायकल घरात होतीच. ती दांडीची होती, पुरुषांची. बाई पंधरा दिवसांत ती चालवायला शिकल्या. गुडघे फुटले, पण ते काट्यांखाली दिसत नसत.

बाई करवंदवाडीत राहायच्या. तिथून कचेरी तीन कोस. वाटेत एक चढ, एक माळ, एक ओढा आणि खड्डे. खड्ड्यांची संख्या सांगत नाही. दर पावसाळ्यात शेजारच्या दोन खड्ड्यांचा मिळून एक होई आणि हिशेब चुके.

उन्हाळ्यात माळावर समोरून गरम वारा यायचा. असा, की पायडल मारावे आणि सायकल जागेवरच राहावी. बाई मान हँडलच्या खाली घालायच्या आणि अंगावरचे काटे मागे चापून बसवायच्या. ऊन चढले की टायरमधली थोडी हवा सोडायच्या, म्हणजे ट्यूब फुटत नाही.

हिवाळ्यात धुके असायचे. पुढचे चाकसुद्धा दिसायचे नाही. तेव्हा बाई खड्डे पाठ म्हणायच्या. आंब्यानंतर डावीकडून, वारुळानंतर उजवीकडून, मग बारा पायडल सरळ.

पावसाळ्यात त्यांनी एकदा रेनकोट घेतला होता. पहिल्याच दिवशी त्याची चाळण झाली. तेव्हापासून त्या भिजत जायच्या आणि फाटकाबाहेर उभे राहून अंग एकदा झटकायच्या. खडखड आवाज होऊन सगळे पाणी उडून जाई. त्या वेळी शेजारी कोणी थांबत नसे.

राहिला ओढा. पाणी गुडघ्याइतके असले तर सायकल हातात. कमरेइतके असले तर खांद्यावर. त्याहून जास्त असले तर वरच्या अंगाला एक जांभूळ आडवे पडले होते, त्याच्या खोडावरून एक-एक पाऊल टाकत.

आणि तरी दहा पंचवीस.

बाईंनी तीन वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. रजा घेऊन घरी काय करायचे, असे त्या म्हणत. घरात दुसरे कोणी नव्हते.

आता या जंगलातल्या रस्त्यांविषयी सांगतो. रस्त्यांचे काम गवासाहेबांकडे होते. ते कचेरीचे मुख्य. कोणता रस्ता वाईट आहे हे कसे कळणार? जाऊन पाहावे, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही लहान आहात. गवासाहेबांनी एक शास्त्रीय पद्धत काढली होती. कचेरीत एक उशीर-वही होती. ज्याला उशीर होई त्याने त्यात वेळ, कारण आणि आपण कोणत्या रस्त्याने आलो ते लिहायचे. ज्या रस्त्याने येणाऱ्यांना उशीर होतो तो रस्ता वाईट, आणि ज्या रस्त्याने कोणालाच उशीर होत नाही तो उत्तम.

कचेरीतले बहुतेक जण वडाच्या आळीत राहायचे. वडाची आळी कचेरीला लागूनच होती. तिथून सगळे रोज उशिरा यायचे आणि कारण म्हणून 'रस्ता' असे लिहायचे. त्यामुळे त्या आळीत वर्षातून तीनदा डांबर पडायचे. ताज्या डांबरात पाय चिकटायचे आणि आणखी उशीर व्हायचा.

करवंदवाडीहून कचेरीत येणाऱ्या फक्त सायाळबाई.

त्या वर्षी आषाढात करवंदवाडीने अर्ज केला. ओढ्यावर साकव हवा, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. पावसाळ्याचे चार महिने पिल्लांची शाळा बुडत होती. मागच्या वर्षी तर मुंगूसकाकूंची सून माहेराहून येताना ओढ्यापलीकडेच अडकली आणि पिल्लू तिथेच, छत्रीखाली झाले. त्याला अजून सगळे काठावरचा म्हणतात.

आठ दिवसांत उत्तर आले. ते पाठवायचा शिक्का सायाळबाईंनीच मारला, आणि टपालखर्च वाचावा म्हणून संध्याकाळी स्वतःच पिशवीतून घरी आणले. उत्तर असे होते : 'करवंदवाडी मार्गावरील उशीर : निरंक. सबब रस्ता उत्तम असून साकवाची गरज दिसून येत नाही. तीन उशीर नोंदले गेल्यास फेरविचार करण्यात येईल. चालू वही श्रावणअखेर बंद होईल.'

वाडीतली मंडळी बाईंच्या ओसरीवर जमली. रानडुक्करभाऊ वाडीचे पुढारी होते आणि बाईंच्या यजमानांचे मित्रही. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"वहिनी, हे तुमच्यामुळे झालंय."

"मी काय केलं?"

"वेळेवर गेलात."

"मी कधीपासून सांगतेय," मुंगूसकाकू म्हणाल्या. "एवढं काय धावायचं असतं. आम्हीसुद्धा कामं केली, पण असं कोणाचं नुकसान होईस्तोवर नाही केली."

"काकू, मी कशी पोचते ते मला ठाऊक. सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडते मी."

"ते वहीत आहे?"

"वहीत फक्त उशीर लिहितात."

"मग झालं तर. तुम्ही खांद्यावर घ्या नाहीतर डोक्यावर घ्या."

रानडुक्करभाऊ समजुतीने म्हणाले, "तीनच तर उशीर हवेत, वहिनी. वडाच्या आळीतले रोज करतात. तुम्ही तर शिकलेल्या आहात."

सायाळबाईंनी अंगणात खेळणाऱ्या काठावरच्याकडे पाहिले. तो पुढच्या वर्षी शाळेत जायचा होता.

"प्रयत्न करते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई अर्धा तास उशिरा निघाल्या. मुद्दाम चहाचे दोन कप घेतले. पण उशीर करायचा आहे हे त्यांनी ठरवले होते, पायांना कोणी सांगितले नव्हते. पाय आपले रोजच्यासारखे, त्यात आज जास्तच घाईने. चढावर एकदा बाईंनी ब्रेकही दाबून पाहिला. कचेरीच्या फाटकाशी घंटी वाजवताना बाईंनी खिडकीतून पाहिले, तर भिंतीवरच्या घड्याळात दहा अठ्ठावीस झाले होते. साडेदहाच्या आत म्हणजे वेळेवर.

"तीन मिनिटांचा फरक पडलाय," संध्याकाळी रानडुक्करभाऊ म्हणाले. "सुरुवात वाईट नाही. पण या वेगानं साकव व्हायला काठावरच्याची नातवंडं यावी लागतील."

मग त्यांनी स्वतः लक्ष घातले. सकाळी बाई निघायच्या वेळी ते वाडी घेऊन आले. "वहिनी, तुमचाच एक काटा द्या." बाईंनी दिला. रानडुक्करभाऊंनी तो मागच्या टायरमध्ये खुपसला. फुस्स झाले.

"आता किती वेळ लागेल?"

"एकटीनं पंक्चर काढायचं म्हणजे पाऊण तास."

"छान. बसा."

बाई दगडावर बसल्या. वाडीही बसली. बसलेल्या टायरकडे सगळे बघत राहिले.

"नुसतं बसून काय राहायचं," थोड्या वेळाने मुंगूसकाकू म्हणाल्या. "ट्यूब तरी काढून ठेवा. काढून ठेवायला काय जातंय?"

ट्यूब काढली. ती तशी मातीत पडलेली बघवेना, म्हणून रानडुक्करभाऊंनी घमेल्यात पाणी आणले. पाणी आणलेच आहे, तर बुडबुडे कुठे येतात ते बघायला सगळी पिल्ले वाकली. "इथं, इथं," असे चार जण एकदम म्हणाले. कोणीतरी काचकागद घासला. कोणीतरी सोल्यूशन फुंकून वाळवले. मुंगूसकाकूंनी ठिगळ असे दाबले की पुन्हा उघडायची बिशाद नाही. पंप मारायला तर भांडणे झाली. सगळे मिळून नऊ मिनिटे लागली. उशीर नको व्हायला म्हणून वाडीने बाईंना चढाच्या टोकापर्यंत ढकलत नेले.

त्या दिवशी बाई दहा वीसला पोचल्या.

रिकाम्या रस्त्याने वाडी परत आली, तेव्हा रानडुक्करभाऊंनी घमेल्यातले पाणी ओतून दिले. मग म्हणाले, "आपल्याला हे जमण्यातलं नाही. वहिनींचं वहिनींनाच करू दे."

तिसऱ्या खेपेला बाईंनी वेगळी युक्ती केली. त्या कचेरीपर्यंत गेल्या, पण फाटकाशी न जाता अलीकडच्या उंबराखाली सायकल लावून उभ्या राहिल्या. पाऊस पडत होता. वडाच्या आळीतले एकेक जण जांभया देत आत गेले. अकरा वाजले असतील असे वाटल्यावर बाईंनी घंटी वाजवली आणि आत शिरल्या.

हजेरीपट वानररावांकडे असायचा. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन कमी होते.

"वानरराव, मला उशीर झालाय. उशीर-वही द्या."

वानरराव हसले. त्यांनी स्टूल ओढले, वर चढले, घड्याळाची काच उघडली आणि काटा मागे फिरवून दहा पंचवीसवर आणला.

"हे काय करता?"

"पुढं गेलं होतं. जुनं झालंय."

"घड्याळ बरोबर आहे. मीच उशिरा आलेय."

"असं कसं होईल, बाई? हे घड्याळ मी तुमच्या घंटीवर लावतो. घंटी वाजली की दहा पंचवीस."

"कधीपासून?"

"तुमच्यावर तीन वर्षं. आधी सायाळरावांवर लावायचो, चौदा वर्षं. मधला महिनाभर ते बंदच ठेवलं होतं. मग एके दिवशी पुन्हा घंटी वाजली." वानररावांनी काच लावली. "घंटी तीच होती. मला वेगळं काही करावं लागलं नाही."

टेबलाशी जाऊन सायाळबाईंनी शिक्क्याचे पॅड उघडले. त्या दिवशी काही कागदांवर दोन-दोन शिक्के पडले.

थोड्या वेळाने गवासाहेब आले. घड्याळात दहा चाळीस पाहून त्यांना स्वतःचे कौतुक वाटले. "आज रस्ता बरा होता," ते म्हणाले.

श्रावण संपायला दोन दिवस उरले. ओसरीवर पुन्हा मंडळी जमली.

"मला उशीर होऊच शकत नाही," बाईंनी सांगितले. "मी पोचते तेव्हाच दहा पंचवीस होतात."

रानडुक्करभाऊंनी कपाळाला हात लावला. मुंगूसकाकू मात्र टाकळ्याची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "मग उद्या जाऊच नका."

"जाऊ नको?"

"रजा टाका. बघू तरी त्यांचे किती वाजतात ते."

बाईंनी पदर नसतानाही पदर सारखा करतात तसा हात केला. "घरी बसून काय करू, काकू? दिवसा हे घर कसं दिसतं ते मी तीन वर्षांत बघितलेलं नाही."

"बघण्यासारखं काही नाही. आमच्यासारखंच दिसतं." काकूंनी भाजीची जुडी बाजूला ठेवली. "मी येईन. उरलेला टाकळा इथंच निवडते."

दुसऱ्या दिवशी सायाळबाई घरी राहिल्या. त्यांनी नेहमीच्या वेळी आवरले, नेहमीच्या वेळी सायकल पुसली आणि ती परत आत ठेवली. मग त्या दाराकडे तोंड करून बसल्या. तेवढ्यात मुंगूसकाकू आल्या. त्यांच्यामागे काठावरचा आला. पाऊस होता म्हणून त्याचे सवंगडी आले. पिल्लांना शोधत त्यांच्या आया आल्या. चहा दोनदा झाला. कोणीतरी भाकऱ्यांचे पीठ मळायला घेतले, कोणीतरी मीठ जास्त पडले म्हणून वाद घातला. दहा पंचवीस कधी होऊन गेले ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

कचेरीत मात्र ते होईनात.

वानरराव स्टुलावर उभे होते. दहा चोवीसवर त्यांनी काटा बोटाने धरून ठेवला होता. खिडकीशी रांग लागली. खिडकी साडेदहाला उघडते, त्याआधी नाही, असा नियम होता.

"वानरराव, किती वाजले?" आतून गवासाहेबांनी विचारले.

"दहा चोवीस, साहेब."

"मघाशीही दहा चोवीसच होते."

"हो. बाई यायच्यात."

गवासाहेबांनी वाट पाहिली. बाहेर ढगांमुळे उजेडाचा अंदाज येत नव्हता, पण पोटाचा येत होता. त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला. डबा दीडला उघडायचा, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. दीड वाजायचा तर आधी साडेदहा वाजायला हवेत. साडेदहा वाजायचे तर आधी घंटी वाजायला हवी. गवासाहेब हुशार होते. हे सगळे त्यांच्या लक्षात आले.

"जीप काढा," ते म्हणाले. "बाईंना घेऊन येऊ."

जीप तरस चालवायचा. वानररावही निघाले, कारण काटा सोडल्यावर स्टुलावर उभे राहण्यात अर्थ नव्हता. वडाची आळी छान गेली. माळावर पहिल्या खड्ड्यात तरसाची टोपी गेली. दुसऱ्यात आरसा गेला. तिसऱ्यात जीपच गेली.

रानडुक्करभाऊ छत्री घेऊन जवळच उभे होते. पाहुणे येतील, असा त्यांचा अंदाज होता.

"हा कुठला खड्डा?" गवासाहेबांनी खिडकीतून डोके काढून विचारले.

"आपल्याच काळातला, साहेब. मागचा होता तो अस्वलसाहेबांच्या काळातला. तो उथळ आहे."

तिथून पुढे सगळे चालत निघाले. ओढ्याला कमरेच्या वर पाणी होते. गवासाहेब वजनदार. ते मधोमध गेले आणि चारही पाय गाळात रुतून उभे राहिले.

"बाई रोज इथून येतात?"

"रोज," काठावरून रानडुक्करभाऊ म्हणाले.

"कशा?"

"सायकल खांद्यावर घेऊन."

"आणि वेळेवर?"

"ते तर आपल्या वहीत आहे, साहेब."

गवासाहेब विचारात पडले. विचार करायला त्यांना वेळही होता. दोर आणायला वाडीत जावे लागले आणि ओढून काढायला सगळी वाडी यावी लागली. बाहेर आल्यावर त्यांना बाईंच्या ओसरीवर बसवले. गरम भाकरी आणि टाकळ्याची भाजी पुढे आली. चौथ्या भाकरीनंतर साहेबांना बोलावेसे वाटले.

"बाई, आता किती वाजले असतील?"

"कल्पना नाही, साहेब. मी आज रजेवर आहे."

ओढ्याला आणखी पाणी आले, त्यामुळे तिघे वाडीतच राहिले. दुसरा दिवस श्रावणाचा शेवटचा. सायाळबाई जांभळाच्या खोडावरून सायकल घेऊन निघून गेल्या. फाटकाशी घंटी वाजवली, मग स्वतःच स्टुलावर चढून घड्याळ लावले. गवासाहेब, वानरराव आणि तरस त्यानंतर अडीच तासांनी चिखलासकट आत आले. उशीर-वही बाईंनी पुढे केली. तिघांनी ओळीने सह्या केल्या. मार्ग : करवंदवाडी. कारण : ओढा.

तीन उशीर झाले. वही बंद झाली.

साकव पुढच्या वैशाखात बांधून झाला. उद्घाटनाला गवासाहेब आले. करवंदवाडीकरांनी नियमितपणा दाखवला म्हणून हा दिवस दिसला, असे ते भाषणात म्हणाले. वाडीने टाळ्या वाजवल्या. पावसाळा लागला आणि पिल्ले शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी काठावरचा साकवावरून तीन वेळा पलीकडे गेला आणि तीन वेळा परत आला, म्हणून त्याला शाळेत उशीर झाला. त्याची नोंद मात्र कुठे झाली नाही.

भाद्रपदात सायाळबाईंनी पुन्हा रजेचा अर्ज दिला.

"बाई, आता कशासाठी?" वानररावांनी विचारले. "आता तर साकव झाला."

"मंडळी यायचीत घरी."

"काय विशेष?"

"विशेष काही नाही. बसायला."

वानररावांनी अर्ज उलटसुलट पाहिला. या कारणासाठी त्यात रकाना नव्हता. "आणि साहेबांच्या डब्याचं काय?"

"साहेबांना म्हणावं, येताना घरून जेवून या," सायाळबाई म्हणाल्या, आणि आवक-जावकच्या वहीत आपल्याच अर्जाला क्रमांक देऊन त्यावर शिक्का मारला.

तात्पर्य : जो रोज ऊन, धुके आणि ओढा पार करून वेळेवर पोचतो, त्याचा रस्ता उत्तमच असणार, असे सगळे धरून चालतात. म्हणून मुलांनो, नियमितपणा अंगी बाणवा, आणि पुरेसा बाणला की एक दिवस घरी बसा. परीक्षेत मात्र या गोष्टीवर प्रश्न आला तर 'वेळेवर कामाला जावे' असेच लिहा. गुण त्यालाच आहेत.